जाळरेषेवरची रोपं

मी एक जुना झोडपा आहे. नाव ऐकून हसू नका, मित्रांनो! मुलुंडच्या डोंगरातल्या पाड्यावर सहदेवने बांबूच्या दांड्याला स्कूटरच्या टायरचा तुकडा ठोकला, तेव्हा माझा जन्म झाला. वणवा लागला की गवतातली आग झोडपून विझवायची, हेच माझं काम. सहदेव गेला. आता मी त्याच्या बायकोच्या, चंपाच्या हातात असतो.

दर माघात पाड्यातली माणसं डोंगरावरचा एक पट्टा खरवडून साफ करतात. त्याला जाळरेषा म्हणतात. जळायला काही उरलं नाही की आग तिथे थांबते. गेल्या पावसाळ्यात पायथ्याच्या सोसायटीतल्या वनमालाताईंनी त्याच पट्ट्यावर हौसेने पन्नास रोपं लावली. पुढे मुळांशी ओल टिकावी म्हणून सुकं गवतही पसरलं. कोणाला विचारलं? कोणालाच नाही! आणि रोपं मोडतील म्हणून पाड्यानेही यंदा पट्टा साफ केला नाही. बोललं मात्र कोणीच नाही.

चैत्रात भरदुपारी वणवा पेटला. धूर बघून सोसायटी धावली, पाडाही धावला. झोडून झोडून माझं रबर वितळायला लागलं. पट्ट्यापलीकडच्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली होती. अशा वेळी ती ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. नर तिथूनच तिला भरवतो.

"लिंपण फोडून काढू या ना तिला!" वनमालाताई ओरडल्या.

"बाय, तिची पिसं झडलीत. उडंल कशी?" चंपा म्हणाली. "रोपं उपटा, गवत ओढा. पट्टा मोकळा करा!"

वनमालाताई जागीच थिजल्या. प्रत्येक रोपाला सोसायटीतल्या एकेका मुलाच्या नावाची पाटी होती. पहिलं रोप त्यांच्या नातीचं, ऋतिकाचं. आग वीस पावलांवर आलेली. मला तर वाटलं, वाट लागली आता!

तेवढ्यात त्या वाकल्या आणि ऋतिकाचं रोप त्यांनी स्वतःच्या हाताने उपटलं.

"बघताय काय रे? ओढा ते गवत!"

सगळे तुटून पडले. आग पट्ट्यापर्यंत आली, थोडी घुटमळली, मग बसत गेली. उरलेल्या ज्वाळा मी झोडपल्या.

तासाभराने नर फळ घेऊन आला. फटीतून चोच बाहेर आली, तशा वनमालाताई मटकन खाली बसून ढसाढसा रडल्या. चंपाने त्यांना पाणी दिलं.

मित्रांनो, मी आता अर्धा जळलोय, पण एक सांगतो. जंगलावर माया आहे ना, मग आधी जंगलात राहणाऱ्यांच्या दारात जा, त्यांना विचारा. गेल्या पावसाळ्यात कोणी नुसतं विचारलं असतं, तर ऋतिकाचं रोप आज कुठेतरी वाढत असतं.