भोक पाडलेली बाज

मी एक बाज बोलतेय. बाज म्हटलं की तुम्हाला अंगण आठवेल. उन्हाळ्याची बाहेर काढलेली, वर गोधडी टाकलेली, आणि तिच्यावर आडवं होऊन कुणीतरी गप्पा हाणतंय. तशा बाजा मीही पाहिल्या आहेत. माझ्यावर मात्र आजवर कुणी हौसेनं बसलं नाही. माझ्या ऐन मधोमध ताटलीएवढं भोक आहे. ते उंदरानं कुरतडलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. बीबी गावच्या शकूर सुतारानं मला घडवलं. बाभळीचं लाकूड, अंबाडीची सुतळी. पाय तासताना तो खुशीत होता. चार पायांवर त्यानं हौसेनं वेलबुट्टीसुद्धा काढली. मग सईद डॉक्टर आले आणि त्यांनी त्याला मधल्या भोकाचं सांगितलं.

शकूरचे हात थांबले. "डाक्टरसाहेब, असी बाज म्या आजलोक बनवली नाई. लोक मले हासतीन."

डॉक्टर तरुण होते, बुलढाण्याचेच. कलकत्त्याच्या एका दवाखान्यात काही महिने राहून आले होते. तिथं पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, शोध चालला होता, आणि अशाच बाजांवर रोग्यांना ठेवत होते. ते शकूरला समजावून सांगू लागले, "पटकीचा माणूस जंतूनं मरतो त्याच्या आधी पाण्यावाचून मरतो, शकूरभाई. अंगातलं सगळं पाणी निघून जातं. किती गेलं ते मोजलं, तर तेवढं सुईनं परत भरता येतं. दर खेपेला त्याला उठवून बाहेर नेलं तर तो वाटेतच जाईल. म्हणून बाजेला भोक, आणि खाली बादली."

शकूरनं मान हलवली आणि विणायला घेतलं. पण मी तयार झाल्यावर, गिऱ्हाईक आलं की तो मला भिंतीकडं तोंड करून उभी करायचा. जन्मल्या जन्मल्या मला कळलं, की आपल्यात काहीतरी झाकण्यासारखं आहे.

त्या आखाडात बीबीत पटकी शिरली. शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या करून तिथं दवाखाना मांडला. माझ्यासारख्या आणखी तीन बाजा होत्या. माझ्यावर मेणकापड अंथरलं. त्याला मधोमध सदऱ्याच्या बाहीसारखी नळी शिवलेली होती, ती भोकातून खाली बादलीत सोडली. भिंतीला फळा तसाच होता, त्याच्यावर कुणाच्या तरी अक्षरात उजळणी लिहिलेली.

एक गोष्ट मी तिथंच शिकले. बेशुद्ध माणसाला लाज नसते. डोळे खोल गेलेले, हातापायांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, असा माणूस गाडीतून उतरवून माझ्यावर टाकला, तर तो निमूट पडून राही. बाटलीतलं मिठाचं पाणी शिरेतून अंगात जाऊ लागलं, की तासा-दोन तासांत त्याच्यात धुगधुगी येई. आणि धुगधुगी आली की त्याचा पहिला हात जाई तो आपल्या कपड्याकडं. मग तो खोलीभर बघे, कोण कोण आहे ते. मग डोळे मिटून घेई. शुद्धीवर आल्याचा डॉक्टरांना आनंद होई, आणि मी मात्र चोरट्यासारखी होई.

महादेवराव पाटलांना आणलं तेव्हा दुपार होती. गावात त्यांचा दरारा असा, की ते ओट्यावर बसलेले असले तर बायका मागच्या गल्लीनं जात. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा अर्जुन बियाणं आणायला जालन्याला गेलेला. घरात फक्त सून, जनकाबाई. तिनंच शेजाऱ्यांना हाका मारून गाडी जुंपवली होती आणि डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून ती गाडीमागून चालत आली होती.

डॉक्टरांनी दोन्ही हातांना सुया लावल्या. दवाखान्यात नर्स एकच, सरस्वतीबाई. ती पलीकडच्या खोलीत अडकलेली. म्हणून बादलीचं काम जनकाबाईकडं आलं. बादली भरत आली की मोजपट्टी बुडवून डॉक्टरांना दाखवायची, मग मागच्या खड्ड्यात ओतून वर चुना टाकायचा. ती ते करत राहिली.

संध्याकाळच्या सुमाराला पाटलांनी डोळे उघडले. माझ्याखालून बादली ओढल्याचा आवाज झाला. त्यांनी मान वळवली आणि बादली धरलेली सून पाहिली.

त्यांच्या अंगात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. त्यांनी एका हाताची सुई उपटली आणि कुशीवर वळून ते माझ्यावरून खाली पडले. धोतर नव्हतं, होती ती एक चादर, तीही अर्धी माझ्यावरच राहिली.

"इले... बाहीर काढा." पटकीत माणसाचा आवाज बसतो. गावभर गाजणारा तो आवाज कानाशी कुजबुजल्यासारखा निघाला.

डॉक्टर धावत आले. "पाटील, सुई लावू द्या. रक्त घट्ट झालंय तुमचं."

"पयले इले काढा."

"काढतो. मग बादली कोण उचलेल?"

"नोका उचलू. मले मरू द्या. सूनबाईच्या पुढं असं... नाई. मले घरी न्या."

डॉक्टरांनी दोनदा हात धरला, पाटलांनी दोनदा झिडकारला. दुसऱ्या खेपेला झिडकारण्यात जोरही उरला नव्हता. दारात परगावच्या रोग्यांची चार माणसं जमली. जनकाबाई भिंतीकडं तोंड करून उभी होती. लग्न होऊन तीन वर्षं झालेली, पण सासऱ्यासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तशीच पाठमोरी ती बोलली.

"मामाजी, तुमाले लाज वाटून राह्यली न? मलेबी वाटून राह्यली. दोघाईलेबी वाटू द्या. पन डाक्टरले हात धरू द्या."

पाटलांनी हात सैल सोडला.

त्यांना उचलून पुन्हा माझ्यावर ठेवलं. उशाशी त्यांचा फेटा होता, तो त्यांनी तोंडावर ओढून घेतला आणि पुढचे दोन दिवस काढलाच नाही. जेवढं माझ्यातून गेलं, तेवढं डॉक्टरांनी मोजून परत भरलं. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले. सरस्वतीबाई म्हणाली, "वाचलात, पाटील." त्यांनी फेटा बांधायला घेतला. जाताना त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं माणूस फक्त आपला अपराध माहीत असणाऱ्याकडं पाहतो.

रोग ओसरला. मला जंतुनाशकानं धुऊन व्हरांड्यात वाळत घातलं. एक दिवस पाटील काठी टेकत आले.

"डाक्टर, ते बाज जाळून टाका."

"का हो? दुसऱ्याच्या कामी येईल."

"गावात म्या सांगतलं का मले निस्ता ताप होता. तुमी बोलू नोका."

"रोग्याचं दुखणं मी कुणाला सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बाज जाळणार नाही."

ज्याला मी वाचवलं, असं मी मनाशी म्हणत होते, त्याला मी जळायला हवी होते. मी व्हरांड्याच्या कडेला कुशीवर उभी होते. भोकातून पलीकडचं आभाळ दिसत होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ते भोक दिसत असणार. तेवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढं डॉक्टरांनी पटकीची लस टोचायला सुरुवात केली. बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर टेबल मांडायचे. जनकाबाई टोचून घ्यायला आली आणि सरस्वतीबाईपाशी रडली. "बाई, माह्यं काय चुकलं? मामाजी माह्या हातचं खात नाईत. मळ्यात खोपी बांधली, तिथंच राह्यतात, सोताच्या हातानं भाकर थापतात. मी दिसली का वाट बदलतात. हे म्हनतात, तू तिथं थांबलीच काऊन? मंग काय टाकून येऊ त्याईले?"

सरस्वतीबाईनं तिच्या दंडावर कापूस दाबून धरला.

लस घ्यायला फारसं कुणी येईना. डॉक्टर सांगत, लस सगळ्यांना वाचवील असं नाही, काही महिनेच तिचा जोर टिकतो, तरी घ्या. आणि ढाळ-वांती लागली तर लगेच या. लोक ऐकून घेत. पण ओट्यामागच्या खोलीत उभ्या केलेल्या आम्ही चौघी त्यांना दिसत. "तिथं गेलं का उघड्यावर हगाले लावतात," असं गावात झालं होतं. जे आमच्यावरून बरे होऊन गेले होते, त्यांच्यापैकी एकानंही तोंड उघडलं नाही. प्रत्येकाला नुसता तापच आला होता.

पुढच्या वर्षी रोग पुन्हा आला. माणिकराव देशमुख हे महादेवरावांचे लंगोटीयार. त्यांना सकाळी ढाळ सुरू झाले होते. दिवसभर त्यांनी दार लावून घेतलं. मुलानं आणलं तेव्हा दिवे लागले होते. अंग गार पडलेलं, तरी शुद्ध होती, आणि हट्टही होता. दाराच्या चौकटीला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली.

"त्या भोकावर म्या निजनार नाई. महादेवले इचारा. तो नाई निजला, तरी जगला न? मी घरीच राह्यतो. इज्जतीनं मरतो."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. सरस्वतीबाईनं डॉक्टरांकडं पाहिलं. दोघांना खरं माहीत होतं, आणि दोघांची तोंडं डॉक्टरांच्या शब्दानं बांधलेली होती. मला तर तोंडच नव्हतं. डॉक्टर चौकटीपाशीच बसून त्यांची शीर शोधू लागले. ती सापडत नव्हती.

कुणीतरी मळ्यात निरोप पोचवला होता. महादेवराव अनवाणी आले. गर्दी बाजूला झाली. मित्राला चौकटीला लटकलेलं त्यांनी पाहिलं, मग मला पाहिलं. मला वाटलं, आता हे मागं फिरतील.

"माणिक," ते म्हणाले, "चौकट सोड. याच बाजेवर म्या दोन दिस काढले."

माणिकरावांनी मान वर केली. "तुले त ताप होता."

"नव्हता ताप. पटकीच होती. हेच बाज होती. अन् माही बाल्टी जनकानं उचलली, माह्या सुनेनं. तिनं मले जगवलं, अन् म्या तिच्या हातचं पानी टाकलं. हे समदं म्या लपवलं." त्यांनी भोवतालच्या लोकांकडं पाहिलं नाही, जमिनीकडं पाहूनच बोलत राहिले. "तू चाल. तुही बाल्टी म्या उचलतो."

गर्दीत मागं कुणीतरी फिसकन हसलं. पाटलांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा काळवंडला, पण पाय हलले नाहीत. त्यांनी माणिकरावांची बोटं एक एक करून चौकटीवरून सोडवली आणि मुलाच्या मदतीनं त्यांना माझ्यावर आणून निजवलं. चादर नीट केली. धोतराचा काचा मारून ते खाली बसले, आणि बीबीचा पाटील बादली घेऊन मागच्या खड्ड्याकडं गेला. एकदा नाही, कितीतरी वेळा.

माणिकराव वाचले नाहीत. पहाटे गेले. शीर उशिरा सापडली होती; सकाळी आले असते तर, एवढंच डॉक्टर बोलले आणि बाहेर निघून गेले. महादेवराव माझ्या पायापाशी बसून होते. ते मेलेल्या मित्राला म्हणाले, "म्या सालभर आंधी बोललो असतो त तू सकाळीच आला असता बे."

हे वाक्य मी अजून वागवते आहे. माझ्यावर बरे झालेले सगळे जण गप्प राहिले, आणि त्यांना गप्प बसवणारं भोक माझं होतं. त्या भोकाचा दोष नाही, हे मला कळतं. तरी माणिकरावांच्या मुलानं रिकाम्या मेणकापडाकडं पाहिलं, तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं.

त्यानंतरच्या बाजाराला ओट्यापुढं रांग लागली. मी खिडकीतून पाहत होते. जनकाबाई पुढं होती, तिच्यामागं महादेवराव, आणि अंतर राखून अर्जुन. सासरा सुनेबरोबर रांगेत उभा, हे पाहायलाच अर्धा बाजार जमला होता. काही बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. सरस्वतीबाईनं वहीत लिहायला पूर्ण नाव विचारलं. नवरा आणि सासरा मागं असताना जनकाबाई नवऱ्याचं नाव कसं घेणार? ती खाली मान घालून उभी राहिली.

मागून महादेवरावांचा आवाज आला, आता तो पूर्ववत गावभर ऐकू जाईल असा झाला होता. "लिवा बाई. जनकाबाई. माही सून."

मग त्यांनी बाही वर सारली आणि तिच्यामागून दंड पुढं केला.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सईद डॉक्टरांची बदली झाली. मी दवाखान्याच्या कोठीत आहे, माझ्यावर चुन्याची पोती रचली आहेत. हल्ली म्हणे साखर-मिठाचं पाणी तोंडानं पाजूनच कितीतरी जण बरे होतात. चांगलं आहे. नव्यानं आलेल्या एका शिपायानं परवा पोतं उचललं, भोक पाहिलं आणि विचारलं, "हे बाज असी काऊन हाय?" कुणालाच सांगता आलं नाही. ते हसले आणि मला सरपणाला काढायचं ठरलं.

काढा. माझी तक्रार नाही. फक्त जाण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणाला ढाळ-वांती लागली आणि तो दार लावून बसला, तर बाहेरून विनवण्या करत सकाळची संध्याकाळ करू नका. दार मोडा. तो तुम्हाला शिव्या देईल, तोंड झाकेल, वर्षभर बोलणार नाही. तरी त्याला उचला. आणि तो बरा होऊन घरी आला, की त्याला काय झालं होतं ते चारचौघांत खरं सांगा. शेजारच्या दाराआड कुणीतरी ऐकत असेल.