ठेंगणं शून्य

वाचनालयातल्या टायपिस्टबाईंना सगळे बिनचूकबाई म्हणत, आणि बाईंना ते मनापासून आवडे. दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल त्या स्वतःच टाइप करत. त्यातली शेवटची ओळ ठरलेली असे : 'एकूण चुका : ॰'.

एका आठवड्यात ग्रंथपालसाहेबांनी बाईंनी टाइप केलेली पुस्तकांची यादी घालून कॉम्प्युटरवर नवी शोधयंत्रणा सुरू केली. कपाटातून पुस्तक काढायचं, पाठीवरचा आकडा टाइप करायचा, की नोंद समोर हजर. पहिली नऊ पुस्तकं सुरळीत गेली. दहाव्याला यंत्र म्हणालं, 'नोंद आढळली नाही'. अकरावं सापडलं, विसावं नाही. चार दिवसांत चार हजारांपैकी नऊशे चौऱ्याण्णव पुस्तकं बेपत्ता ठरली, तीही साहेबांच्या हातात असताना.

साहेबांनी खापर फोडलं बाइंडरवर. पाठीवरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या तोच चिकटवी. हाताला कायम खळ, म्हणून त्याचं नाव खळकाका.

"चिठ्ठ्या उलटसुलट लावल्यात तुम्ही," साहेब म्हणाले. "यादी बाईंची आहे, ती चुकणं शक्यच नाही. सोमवारपासून येऊ नका."

खळकाका नखातली खळ कोरत उभा राहिला. "बाईंची यादी म्हणता, मग माझंच चुकलं असेल," एवढंच तो म्हणाला. हे ऐकून बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. पण तोंडातून शब्द निघाला नाही.

घरी आल्यावर त्यांनी यादी सुनेपुढे ठेवली. सुनेचं सगळं आयुष्य कॉम्प्युटरात चाललेलं. चहा निवायच्या आत तिने विचारलं, "आई, हे शून्य कुठून आणलंत?"

"यादी करायला घेतली तेव्हा शून्याची कळ अडकत होती. मग हे सापडलं, तेव्हापासून सगळीकडे हेच घालते. जरा ठेंगणं आहे, पण गोंडस आहे की."

"हे शून्यच नाही. 'डॉ॰' लिहिताना देतात ते लाघवचिन्ह आहे."

"दिसतं तर गोलच."

"यंत्राला दिसत नाही हो काही. त्याच्याकडे प्रत्येक खुणेचा एक क्रमांक असतो. शून्याचा दोन हजार चारशे सहा. तुमच्या या गोंडसाचा दोन हजार चारशे सोळा."

"म्हणजे दहाचाच फरक," बाई म्हणाल्या, आणि त्या दहातही शून्य आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"मी दोन मिनिटांत बदलून देते. उद्या गुपचूप यादी टाका, कुणाला पत्ता लागायचा नाही."

बाईंना मोह झाला, चांगला दोन घोट चहाएवढा झाला. पण पुस्तकं आपोआप सापडायला लागली, तर साहेब म्हणणार, खळकाकाने चोरून चिठ्ठ्या बदलल्या.

"बदल," त्या म्हणाल्या. "लेखकांच्या नावांतल्या डॉक्टरांना तेवढा हात लावू नकोस. बाकी मी सांगते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खळकाकाच्या देखत साहेबांना सगळं सांगितलं. साहेब ऐकेनात.

"बाई, उगाच त्यांना पाठीशी घालू नका. तुमचे सगळे अहवाल आहेत माझ्याकडे. चुका शून्य."

"मग शोधा ते शून्य," बाई म्हणाल्या.

साहेबांनी बाईंच्या अहवालांची फाइल उघडली आणि शोधाच्या चौकटीत ० टाइप केलं. यंत्र म्हणालं, 'आढळले नाही'. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा टाइप केलं. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम होतं. साहेब खळकाकाकडे न बघता म्हणाले, "सोमवारी वेळेवर या."

खळकाका पडद्यापाशी वाकला. "बाई, मग चुका किती धरायच्या?"

"नऊशे चौऱ्याण्णव," बाई म्हणाल्या. "आणि पंच्याण्णवावी, तुम्ही बोलणी खात होतात आणि मी गप्प उभी होते, ती."

खळकाकाने बराच वेळ पडदा न्याहाळला.

"तिची काही नोंद आढळत नाही," तो म्हणाला आणि खळ भिजवायला निघून गेला.