मनालीचे टक्के

चाळीस टक्के मिळाले तर आयकरात सूट, एकोणचाळीस मिळाले तर घरी जा. हिशेब एवढा सोपा होता. शाळेत आम्हा सगळ्यांचे आयकराचे कागद भरून देणारे धनंजय गुरुजी म्हणाले होते, "मॅडम, पोरीचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट आना. चाळीसच्या वर असन तर वजावट भेटते. फक्त फेब्रुवारीच्या पगाराआधी पायजे." वाचलेल्या करात मनालीची नागपूरची वर्षभराची औषधं बसत होती. म्हणून मी रजा टाकली.

मनाली माझी मुलगी, एकवीस वर्षांची. तिला एडीएचडी आहे असं नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, त्याला तीन वर्षं झाली. लक्ष ठरत नाही, हाती घेतलेलं पुरं होत नाही, वेळ कुठे गेला ते कळत नाही. त्याआधीची अठरा वर्षं करडी गावाने तिला वेंधळी ठरवलं आणि मला लाडावणारी. सल्ल्यांवर कर असता तर आमच्या एकट्या गावाने सरकारची तिजोरी भरली असती.

त्या दिवशी तिला तीनदा उठवलं. एकदा आंघोळीला ढकललं, मग अर्ध्या तासाने बाहेर काढलं. तिचं आधार कार्ड तिच्या हातात दिलेलं, हरवेल म्हणून पुन्हा काढून घेतलं. भंडाऱ्याची बस धावत पकडली तेव्हा सकाळीच माझा दिवस संपल्यासारखा वाटत होता. वाटेत मी मनाशी घोकत होते, आज खरं सांगायचं, काही झाकायचं नाही.

जिल्हा रुग्णालयात दहापासून दोनपर्यंत बाकावर बसलो, तेव्हा नंबर लागला. तपासणाऱ्या डॉक्टरबाई शांत होत्या. म्हणाल्या, "एडीएचडी हे नाव अपंगत्वाच्या यादीत नाही. मानसिक आजाराच्या खाली बसतं का, ते मी बघते." मग एकेक प्रश्न.

"आंघोळ स्वतः करते?"

"हो."

"लोकांशी बोलते?"

"खूप."

"शिक्षण?"

"बीएस्सीला आहे. बारावीला एकाहत्तर टक्के होते," मी म्हणाले, आणि पिशवीतून चौदा एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेचं प्रमाणपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

ते मी का आणलं होतं? माझे सासरे परसराम सांगायचे, छप्पनच्या दीक्षेनंतर ह्या घरातलं पोर साहेबापुढे कमी म्हणून उभं राहणार नाही. तीन पिढ्या आम्ही साहेबांपुढे गुणपत्रिकाच काढत आलो. पोरीचं उणं काढून दाखवायची माझ्या हाताला सवयच नव्हती. बाईंचं पेन त्रासाच्या रकान्यांत शून्य लिहीत होतं आणि मला माझाच राग येत होता.

तेवढ्यात मनाली बोलली. "आई खोटं सांगून राहिली, मॅडम."

खुर्ची पुढे ओढून ती सांगू लागली.

"मी आंघोळीले जातो ते आई धाडते म्हनून. गॅस सुरूच राह्यते, बंद आई करते. मले चार मैत्रिणी होत्या, आता एकच हाय, काहून का मी कोनालेच पुरं बोलू देत नाई. जर्नल जमा करायची तारीख माह्या नाई, आईच्या कॅलेंडरवर राह्यते." तिने माझ्याकडे बोट केलं. "परीक्षेच्या दिवशी आई मले कॉलेजात सोडून 'भंडाऱ्याले काम हाय' म्हनते. काही काम नसते तिले. मी खिडकीतून पाह्यलं. डबा घेऊन गेटापाशी बसली होती, तीन घंटे. तिच्या साऱ्या सुट्ट्या माह्यातच जाते."

मला रडू आलं. तिने मला पाहिलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मनाली, किती नीट सांगितलंस गं." आणि तिथेच आमचं गणित बिनसलं. जी एवढं मुद्देसूद सांगते, तिच्या बोलण्या-समजण्यात काय उणं धरायचं? आंघोळ होते, परीक्षा पास होते. बेरीज पंचविसाच्या पुढे जाईना.

"त्रास खरा आहे, ताई," त्या म्हणाल्या. "पण तिला काय जमत नाही, ते मला मोजायचं आहे. आणि तिचं तर सगळं होतंय."

"मी आहे म्हणून होतंय!" मी ओरडलेच.

"कळतं मला," त्या हळूच म्हणाल्या. "पण त्याचा रकाना नाही."

त्यांच्यावर काय चिडायचं? बाहेर चाळीसेक माणसं ताटकळत होती आणि बाईंनी अजून डबा उघडला नव्हता. स्टँडवरून मी गुरुजींना फोन केला. "पंचवीस? मंग नाई होत, मॅडम," ते म्हणाले. झालं. कर कापला जाणार होता आणि औषधंही आणावीच लागणार होती. गरिबाला आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात, इथे आवळाही हाती आला नाही.

परतीच्या बसमध्ये मनाली खिडकीशी बसली. पाय हलवत होती, सकाळपासून हलवतच होती. माझ्या अंगात बोलायचंही त्राण नव्हतं, तरी कारध्याचा पूल संपल्यावर मी म्हणाले, "पुढच्या साली अजून एकदा अर्ज करू. तवा मी तोंडच नाई उघडत."

"काई फायदा नाई, आई."

"काहून?"

"पुढच्या साली बी तू राह्यशीनच ना," ती हसत म्हणाली. "मंग टक्के कसे वाढतीन?"

तिने मस्करी केली होती. मीही हसायला गेले, ते अर्ध्यातच राहिलं. तिला चाळीस टक्के ज्या दिवशी मिळतील, त्या दिवशी सोबत जायला मी नसेन. आणि एकटी गेली, तर ती कागद घरीच विसरेल.