जिलबीवरचं सुतक

घट बसायच्या आदल्या दिवशी जळमटं काढताना आमचे हे स्टुलावरून पडले आणि कुत्रा माझ्या गळ्यात आला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण त्या आठवड्यात मला जे कळलं, त्यानंतर मी ते पाळत नाही. विद्याधर. बँकेत हेड कॅशियर, वजन ऐंशी किलो, मधुमेह सहा वर्षांचा. घोटा असा सुजला की डॉक्टरांनी आठवडाभर पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. म्हणजे दूध, रेशन, विजेचं बिल आणि सकाळी साडेसहाला कर्नलला फिरवणं, सगळं माझ्याकडे.

कर्नल म्हणजे मुलुंडच्या नाल्याकाठी सापडलेलं, एक कान अर्धा असलेलं ध्यान. रोज चाला असं डॉक्टरांनी सांगितल्यावर चालायला सोबत हवी म्हणून ह्यांनी तो आणला. दोन वर्षं रोज सकाळी तासभर चालत होते. साखर मात्र खाली यायला तयार नव्हती. मी साखरेचा डबा कुलपात ठेवायचे, पहाटे उठून कारल्याचा रस काढायचे आणि आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून मनातल्या मनात कुढायचे.

पहिल्या माळेला मी कर्नलला घेऊन मैदानाकडे निघाले, तर त्याने मला उलट्या दिशेला खेचत नेलं. पाऊस सरला होता आणि ऑक्टोबरचा उकाडा सकाळीच घाम काढत होता. कर्नल थांबला तो थेट एका फरसाणच्या दुकानापाशी, आणि पायरीवर जावयासारखा बसला. मालकाने, रतनभाई त्याचं नाव, त्याला दोन गाठिये टाकले आणि काही न विचारता गरम जिलबी तोलायला घेतली.

"साहेब कुठे? तुम्ही बहीण काय त्यांची? चेहरा एकदम सेम आहे."

तीस वर्षं एका माणसाबरोबर काढली की चेहरा सेम होतो, असं मी सांगणार होते. पण रतनभाई थांबतोय कशाला.

"भाभीची तब्येत कशी आहे? साहेब फार सोसतात हां. भाभीला एवढी शुगर, म्हणून घरात गोड आणत नाहीत, तिच्यासमोर खात नाहीत. इथे उभं राहून खातात बिचारे. असा नवरा आजकाल मिळतो काय?"

"नाही मिळत," मी म्हटलं. "मी बहीणच."

ती जिलबी मी खाल्ली. झकास होती. त्यामुळे तर डोकं आणखीच फिरलं.

दुसऱ्या माळेला कर्नलने पुढचा मुक्काम दाखवला. सीतारामची चहाची टपरी. मालवणकडचा माणूस, हात जोडून बोलणारा. त्यालाही मी बहीण म्हणूनच सांगितलं. ह्यांचा चहा म्हणे तीन चमचे साखरेचा, वर दोन नानकटाया.

"साहेबांची बायको बरी आसा मा?" त्याने विचारलं. "पायाची दोन बोटां कापली म्हणान सांगत होते. माका तर आयकान कसातरीच झाला."

मी चपलेत पाहिलं. दहाही जागच्या जागी होती. हसू फुटणार इतक्यात लक्षात आलं, ती बोटं अण्णांची होती. अण्णा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. आधी दोन बोटं गेली, मग पाऊल, मग गुडघ्यापासून खाली, आणि बावन्नाव्या वर्षी माणूसच गेला. तेव्हा उशाशी हेच बसून असायचे. ती भीती ह्या माणसाने माझ्या पायाला बांधली होती आणि स्वतः नानकटाई बुडवून खात होता.

पाचव्या माळेला विजेचं बिल भरलं, रेशनवर पामतेल आलेलं नाही हे तासभर रांगेत उभं राहून ऐकलं आणि ह्यांचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले. आभाळ भरून आलं, गडगडलं आणि एक थेंब न टाकता निघून गेलं. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "असंच चाललं तर वर्षभरात डोळे नाहीतर किडनी. वहिनी, पथ्य नीट होतंय ना?" मी मान हलवली. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि रडले. राग होताच, पण भीती जास्त होती.

घरी येऊन भांडता आलं असतं. पण भांडून तीस वर्षांत ह्यांची एक सवय सुटलेली नाही. ह्यांनी गुमान दुसरं दुकान शोधलं असतं. रिपोर्ट मी कपाटात साड्यांखाली ठेवला.

आठव्या माळेला रतनभाईने विचारलं, "भाभी कशी आहे?"

"गेली," मी म्हणाले.

त्याच्या हातातली जिलबी तशीच परातीत परत गेली. "अरे राम! उद्या-परवावर दसरा, आणि साहेबांना..."

"गोड नाही चालणार. वर्षभर नाही. आमच्यात कडक पाळतात. दिलंत तर पाप लागेल तुम्हाला."

त्याने कानाला हात लावले. सीतारामला सांगितलं तर त्याने टोपी काढली आणि साखरेची बरणी माझ्यासमोरच मागे सरकवली. मेल्यावर इतकी किंमत मिळते हे आधी माहीत असतं तर मी केव्हाच गेले असते.

दसऱ्याला ह्यांचा पाय टेकायला लागला. आंघोळ करून, नवा शर्ट घालून, कर्नलला घेऊन लंगडत निघाले. मी दाराला तोरण बांधत बसले. अर्ध्या तासात हे परत आले. शर्ट घामाने चिकटलेला, डोळे लाल. चपला न काढताच खुर्चीत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

कर्नलचा पट्टा सोडवला. मग म्हणाले, "रतनभाई गल्ल्यावरून उठून खाली आला. मला मिठी मारली. गिऱ्हाइकं बघत राहिली सगळी. काय बोलू मी? खोटं आहे म्हणू तरी कसं? म्हणून मान खाली घालून उभा राहिलो, आणि..." नव्या शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. "आणि मला खरंच रडू आलं गं. भर दुकानात. वाटलं, ही खरंच नसली तर मी काय करू?"

मी उठले, साड्यांखालून रिपोर्ट काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. आकड्यावर बोट टेकवलं. ते वाचेपर्यंत मी थांबले.

"तुम्हाला निदान रतनभाई आहे," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर मी कुणाच्या दुकानात जाऊन रडायचं, तेवढं सांगून ठेवा."