ताऱ्याचा ताल

मैत्रेयीनं ताऱ्याचा ताल शोधला, ही बातमी साऱ्या घाटंजीत तिच्या बापानंच पसरवली होती. उकंडाजी जन्मभर जिनिंगमध्ये राबले. कापसाच्या धुळीनं फुप्फुसं पार गेली. चार शब्द बोलले की धाप लागायची, पण हे सांगताना मात्र दम पुरायचा. एक भलामोठा तारा, त्याच्या शेजारी मेलेल्या ताऱ्याचा इवलासा गोळा, म्हणजे न्यूट्रॉन तारा. मोठ्याच्या अंगावरून वारा सुटतो, धाकटा तो ओढून गिळतो, त्यातून क्ष-किरण निघतात. कधी भडकतात, कधी मंदावतात, कशालाच धरबंध नाही. "अन् माह्या पोरीनं त्यातबी ताल धुंडला!" विहारात येत्या रविवारी तिचा सत्कारही ठरला होता.

आणि तो ताल खोटा निघाला.

शोधनिबंध छपाईला गेल्यावर तिनं पुन्हा एकदा गणित केलं, तर तालाचा अवधी तिची दुर्बीण वाहणाऱ्या उपग्रहाच्या बरोबर दोन फेऱ्यांइतका निघाला. पृथ्वीभोवती फिरताना दुर्बिणीत इकडचे तिकडचे किरण शिरतात, ते कमीजास्त होत राहतात. तेच तिनं नीट वजा केले नव्हते. बाई गेली आभाळ मोजायला आणि मोजून आली आपल्याच दुर्बिणीच्या घिरट्या! पुण्याच्या गाइड साधना मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "निबंध मागे घे. पत्र तुझ्या हातानं लिही. लवकर."

मैत्रेयीनं घरच्या आजारपणासाठी मुदत मागितली. कारण खोटं नव्हतं. बाबा खाटेला खिळले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांना अभिमानानं जाऊ द्यावं, मग निबंध मागे घ्यावा, असं तिनं मनाशी ठरवलं.

दुसऱ्याच सकाळी तिची आई, इंदूबाई, स्वयंपाकघरातून हरखून बाहेर आली. "तुह्या बाबानं आज वाटीभर खिचडी खाल्ली व!"

मैत्रेयीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता अजून किती थांबायचं? मग आपण काय विचार केला ते तिचं तिला कळलं. आपण बापाच्या मरणाची वाट पाहतोय. तिला स्वतःची किळस वाटली.

ती तशीच खाटेशी जाऊन बसली.

"बाबा, ते चुकलं. ताल ताऱ्याचा नाई, उपग्रहाचा हाय. मले ते मागं घ्या लागते."

उकंडाजींनी छपरावरची नजर तिच्याकडे वळवली.

"लोकायले आताच कायले सांगतं माय? मी गेलो की सांगजो. लय दिवस थोडीच हाय मी."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि अंगणात जाऊन तिनं मोबाइलवरून मॅडमना निबंध मागे घेण्याचं पत्र पाठवून दिलं.

रविवारी चौघांनी उकंडाजींना खुर्चीसकट उचलून विहारात आणलं. त्यांनी स्वतः पोरीच्या गळ्यात हार घातला. टाळ्या वाजल्या. मैत्रेयीची मान काही वर होईना.

"एवढी शिकली," मागं बसलेल्या बाया म्हणाल्या, "पण पोरगी किती लाजाळू हाय!"