परीक्षेच्या दिवशी झाकलेला आरसा

आमच्या दरीत कोणी दार वाजवत नाही. लांबूनच हाळी द्यायची, पायरीवर बुटांचा चिखल आपटायचा आणि सरळ आत शिरायचं. मी, ओलेटा कोम्ब्स, या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या दाराला दिवसा कडी लागलेली कुणी पाहिली नव्हती. त्या शनिवारी मी ती लावायला लावली, आणि तिथून सगळं बिघडलं.

कडी होती सुनेसाठी. रेनी, माझ्या ड्वाइटची बायको. ड्वाइट पाइपलाइनच्या कामावर परराज्यात असतो, महिन्याकाठी घरी येतो. रेनी गावच्या शाळेत बाईंच्या हाताखाली मदतनीस आहे. पोरांची नाकं पुसायची, वाचन घ्यायचं, आणि पगार बाईंच्या निम्माही नाही. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजला गेली होती ती, दिवस राहिले म्हणून परत आली. तेव्हा या दरीतल्या लोकांनी जे तोंडसुख घेतलं ते तिच्या अजून मनात आहे. माझ्याही आहे, कारण त्यातलं थोडं माझं होतं.

आता वसंतात तिसरीच्या बाई निवृत्त झाल्या. हेडमास्तर रेनीला म्हणाले, पदवी असेल तर वर्ग तुझा, शिक्षकीचं पुढचं शिक्षण नोकरी करता करता घे. पण सोमवारपर्यंतच जागा धरून ठेवता येईल.

पदवी जवळजवळ झालीच होती, हे हेडमास्तर आणि मी सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने ती गोधडीसारखी जोडत आणली होती. ज्या विषयातलं आधीच येत होतं त्याची नुसती परीक्षा द्यायची आणि क्रेडिट पदरात पाडून घ्यायचं. इतिहास तसा झाला, मानसशास्त्र तसं झालं. जे येत नव्हतं ते पोरं झोपल्यावर ऑनलाइन शिकायचं. आणि हे सगळे तुकडे एका लांबच्या कॉलेजात जमा करायचे, जे तिने डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. एकदा फसली. एक परीक्षा दिली, पास झाली, आणि कॉलेज म्हणालं, या विषयाचं क्रेडिट तुझ्याकडे जुनं आहेच, दुसऱ्यांदा धरता येणार नाही. मी म्हटलं, "कापड बेतायच्या आधी कात्री कोण लावतं गं?" त्यानंतर ती प्रत्येक परीक्षेआधी कॉलेजला विचारून घ्यायची.

बीजगणित तिने शेवटी ठेवलं होतं. भीतीपोटी. त्या शनिवारी तेच होतं, आणि निकाल लगेच पडद्यावर येणार होता. नापास झाली किंवा परीक्षा रद्द झाली तर पुन्हा द्यायला तीन महिने थांबायचं, आणि सोमवार काही तीन महिने थांबणार नव्हता.

परीक्षा घरातच, पुढच्या खोलीत, कारण इंटरनेट तिथल्या एकाच कोपऱ्यात नीट चालतं. कॅमेऱ्यातून कुठल्या तरी शहरातला माणूस तिच्यावर डोळा ठेवून बसणार. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा बोलण्याचा आवाज आला की खेळ खलास. माझा मोठा आरसा तिच्या पाठीमागे येत होता आणि त्यात स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. तिने त्यावर चादर टाकली. माझं भिंतीवरचं घड्याळ ठोके देतं, मी त्याचा लंबक धरून थांबवला. फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. कुत्रा कोठारात कोंडला. पोरं माझ्या बहिणीकडे.

"मॅमॉ, कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. पोरं आजीला मॅमॉ म्हणतात, म्हणून तीही मला तेच म्हणते. "नापास झाले तर पुन्हा ऐकून घ्यायची ताकद नाही माझ्यात."

"माझ्या तोंडून शब्द निघणार नाही," मी म्हटलं. तिने आतून कडी लावली आणि मी राखणीला बाहेर पडले.

चूक माझी एवढीच की कोठारात कुत्रा रडायला लागला म्हणून त्याला हाड टाकायला मागे गेले. परत येते तो पायरीवर वाडगा. घेवडा, वर फडकं बांधलेलं. फडकं लर्लीनचं, माझ्या जावेचं. लर्लीन आणि हाक न मारता गेली? ही बाई मुंगीशीसुद्धा दोन शब्द बोलून पुढे जाते.

मी दाराच्या बाजूच्या काचेतून आत पाहिलं, ती जिथून डोकावली असणार तिथूनच. कोपऱ्यातली रेनी तिथून दिसतच नाही. दिसतं ते बंद घड्याळ, आणि चादर घातलेला आरसा.

आमच्यात घरात माणूस गेलं की पहिलं काम हेच. घड्याळ थांबवायचं, आरसा झाकायचा. त्यात दाराला कडी, आणि फोन लावावा तर लागत नाही. लर्लीनने काय समजायचं ते समजलं होतं, आणि तिला समजलेली गोष्ट डोंगर ओलांडायला वेळ लागत नाही. तिच्या मागे धावावं तर दार कोण राखणार?

पहिली पिकअप आली ती माझ्या दिराची, व्हेस्टरची. मागे कुदळी आणि फावडी. मला पाहून त्याचा रंगच उडाला.

"तू जिवंत आहेस होय," तो म्हणाला. "मग कोण? ड्वाइट?"

"इंजिन बंद कर."

"ओलेटा, सांग ना. कबर हार्लनच्या शेजारी खणायची का?"

हार्लन माझा नवरा. "तुझ्यासाठी खण," मी दात आवळून म्हटलं, "आणि हळू बोल."

पण पाठोपाठ दुसरी गाडी, तिसरी. बायकांच्या हातात मक्याचे पाव, कोंबडी, सफरचंदाचा थरांचा केक. पुरुषांनी टोप्या काढलेल्या. लर्लीन पुढे, डोळे लाल करून. आणि सगळ्यांच्या मागून चर्चचे पाद्री ब्रदर हॉयट, हातात टोपी, अंगणाच्या मधोमध येऊन उभे. त्यांनी मान वर केली आणि छाती भरून श्वास घेतला. ते एक ओळ म्हणणार आणि सगळे ती मागून ओढून गाणार, हे मला माहीत होतं. ते गाणं पलीकडच्या दरीत ऐकू जातं.

काय करावं? काही नाही झालं म्हणावं तर हसतील, ओरडतील. कोणी तरी गेलंय असं मानू द्यावं तर प्रेताजवळ बसायला आत शिरतील, कडी बिडी तोडून. विचार करायला वेळ नव्हता. मी चालत गेले आणि ब्रदर हॉयटच्या तोंडावर हात ठेवला. देवमाणसाच्या तोंडावर, सगळ्या मंडळींसमोर.

"कोणी मेलं नाही," मी कुजबुजले. "रेनी परीक्षेला बसलीये. आत आवाज गेला तर रद्द होईल. पदवीची शेवटची आहे."

सुटला माझा शब्द. परत घेता येणार नव्हता.

लर्लीनने तोंड उघडलं, पण तीही कुजबुजलीच. "परीक्षा? तुझ्या पुढच्या खोलीत? कॉलेजात जाऊन जमलं नाही ते तुझ्या सोफ्याशेजारी जमणार आहे?"

"तुझ्या घेवड्याला इतक्या वर्षांत मीठ नाही जमलं, तरी आम्ही खातोच ना?"

"कसली पदवी ही, ओलेटा? घरात बसून मिळते ती?"

"पोरं झोपवून मिळते. तू करून बघ."

तेवढ्यात काचेआडून आवाज आला. पुरुषाचा, यंत्रातून येणारा, थंड. "मॅडम, मला बाहेर माणसं ऐकू येतायत. तुमच्यासोबत कोणी आहे का?"

अंगणात जो तो जागच्या जागी थिजला.

"नाही सर," रेनीचा आवाज. "मी एकटीच आहे."

"खोली दाखवा."

खुर्ची सरकली. ती संगणक हातात धरून खोलीभर फिरवत असणार. मी काचेसमोरच्या सगळ्यांना हाताने खाली बसायला सांगितलं आणि सगळी मंडळी, इस्त्रीचे कपडे घातलेली, ओल्या गवतात बसली. ब्रदर हॉयटसुद्धा.

"ठीक आहे," तो आवाज म्हणाला. "पुन्हा ऐकू आलं तर मला परीक्षा थांबवावी लागेल."

त्यानंतर जे गेलं त्याला वेळ म्हणावं का मला माहीत नाही, घड्याळ तर मीच बंद केलं होतं. खालच्या वळणावर आणखी एक गाडी घरघरली तसा व्हेस्टर वाकून पळत गेला आणि टोपी हलवून तिला अडवलं. एका म्हातारीला खोकला आला, तिने केकवरचं फडकं तोंडात कोंबलं. लर्लीन माझ्या शेजारी गवतात बसली होती. तिने माझं मनगट धरलं होतं, आणि मी ते धरू दिलं.

मग कडी निघाली.

रेनी दारात आली. ओठ पांढरे. तिला दिसलं काय, तर अंगणभर काळे कपडे, ताटं, फावडी, आणि पाद्री. तिने चौकट धरली.

"ड्वाइट?" ती म्हणाली.

"ड्वाइट धडधाकट आहे," मी उठत म्हटलं. "कोणी गेलं नाही. तू झाकलेला आरसा आणि मी थांबवलेलं घड्याळ पाहून आलीत सगळी."

ती पायरीवर बसली. हसते की रडते ते कळेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस."

"सांगितलं. गाणं अडवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

सगळे तिच्या निकालाची वाट बघत होते, आणि हेच होऊ नये म्हणून तर तिने मला गप्प राहायला सांगितलं होतं.

"ते राहू दे गं," लर्लीन म्हणाली. "गणिताचं काय झालं?"

रेनीने हातांचे तळवे गुडघ्यांवर पुसले. "काठावर," ती म्हणाली. "पण पास."

ब्रदर हॉयट मला म्हणाले, "आता गाऊ का, ओलेटा? की हात ठेवणार आहेस?"

"आता गा," मी म्हटलं. "दमानं गा, कुत्रा घाबरतो."

मेलेल्या माणसासाठी आणलेलं जेवण आम्ही जिवंतपणी जेवलो. घेवड्याला मीठ कमीच होतं. पुरुषांनी फावडी आणलीच होती म्हणून मी त्यांच्याकडून परसातला चर खणून घेतला.

भांडी घासताना रेनी माझ्याशी बोलत नव्हती. शब्द मोडला होता मी, तिचं बरोबर होतं. मी ताट पुसून ठेवलं आणि म्हटलं, "पुढच्या वेळी आरसा झाकायचा नाही. उचलून कोठारात नेऊ."

तिने साबणाचा हात झटकला.

"पुढची वेळ नाहीये, मॅमॉ," ती म्हणाली.