वजीफा कोणाचा

गुरुवारची दुपार झाली, की बन्सीधर मास्तरांचं मन ते शिकवत त्या जिंतूरच्या शाळेतून उठून परभणीला जायचं. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. म्हणून परभणीच्या शाळेत गुरुवारी वर्ग लवकर सुटत आणि वरच्या वर्गाचा मुबाहिसा, म्हणजे वादसभा भरे. लिंबाखाली सतरंज्या, सदर मुदर्रिस म्हणजे हेडमास्तर साहेबांची वेताची खुर्ची, आणि समोर पोरांची दाटी. भाषणं उर्दूत व्हायची, नंतरची भांडणं मराठीत. इतकं मोकळं बोलायला त्याला पुढं कुठं मिळालं नाही.

साल होतं फसली तेराशे पन्नास, म्हणजे एकोणीसशे चाळीस-एक्केचाळीस. बन्सीधर सतरा वर्षांचा होता. जिंतूरच्या एका देवळातल्या पुजाऱ्याचा हा पोरगा परभणीत वार लावून शिकत होता. आठवड्याचे सात दिवस, सात घरं. सोमवारी मास्तरांकडं, मंगळवारी वकिलांच्या नर्मदाबाईंकडं, असं ठरलेलं. अंगात सदरे दोनच, पण पोटाला कधी उपास पडला नाही.

त्याच्या बाकावर शेजारी बसायचा मुंजाजी. वालूरच्या महारवाड्यातला. त्याचा बाप सेलूच्या जिनिंगमध्ये मुकादम होता, महिन्याला पगार यायचा. मुंजाजीच्या अंगावर धुतलेला कोट असायचा, पायात वहाणा असायच्या. वर्गात गणितात त्याचा हात कुणी धरत नसे. राहायला मात्र तो रुळांच्या पलीकडं, पार्वतीबाई नावाच्या मावशीच्या खोपटात असे, आणि तिथून रोज पायी येई.

त्या वर्षी बातमी आली, की हैदराबादच्या कॉलेजसाठी जिल्ह्याला एक वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळणार. मग गुरुवारच्या वादाला दुसरा विषय कशाला हवा? वजीफा द्यावा तो मिळकत पाहून, की जात पाहून? मिळकतीच्या बाजूनं बन्सीधर उभा राहिला, जातीच्या बाजूनं मुंजाजी.

बन्सीधर त्या दिवशी फार छान बोलला. भुकेला जात नसते, तो म्हणाला. ज्याच्या बापाला पगार आहे त्यानं आपल्या पैशानं शिकावं, ज्याच्या घरी चूल कशीबशी पेटते त्याला सरकारनं हात द्यावा. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मुंजाजी उठला. त्याचं उर्दू बन्सीधरपेक्षा साफ होतं.

"माझ्या खिशात पैसे आहेत," तो म्हणाला. "या गावात खोली घ्यायला मी दोन वर्षं फिरलो. भाडं आगाऊ देतो म्हणालो. एक दार उघडलं नाही. बन्सीधरच्या खिशात काही नाही, पण त्याच्यासाठी सात दारं उघडी आहेत. आमच्या दोघांत गरीब कोण, ते तुम्हीच सांगा."

हात वर करायला सांगितलं तेव्हा चाळीसातले तीस हात बन्सीधरकडं पडले. सदर मुदर्रिस साहेब फक्त म्हणाले, "बन्सीधर जीत गया. मुंजाजी का सवाल बाकी है."

तो बाकी राहिलेला सवाल बन्सीधरला झोपू देईना. नर्मदाबाई तर किती मायाळू! आजारी पडलो तर पेज करून देतात. आपण म्हणालो तर एका पोराला जेवायला घालणार नाहीत? मंगळवारी शाळा सुटल्यावर तो मुंजाजीला म्हणाला, "चल माझ्यासंगं जेवायला. तुझं म्हणणं खोटं करून दावतो."

"कशाला? तुझंच जेवण बुडंल."

"तू चल तर."

नर्मदाबाईंनी मुंजाजीला नाव विचारलं, गाव विचारलं, कोणाचा ते विचारलं. मग मागच्या अंगणात गोठ्याजवळ एक पत्रावळ मांडली आणि हात उंच धरून वरूनच भाकरी टाकली. बन्सीधरचं ताट नेहमीसारखं आत, पाटासमोर होतं. तो ताट उचलून गोठ्याजवळ गेला आणि मुंजाजीच्या शेजारी मांडी घालून बसला.

"बन्सी, बाळा, आत ये," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, घाबरलेला होता.

"इथंच बसतो, काकू."

दोघं खाली मान घालून जेवले. गाई रवंथ करीत त्यांच्याकडं बघत होत्या.

पुढच्या मंगळवारी नर्मदाबाईंनी दारातच सांगितलं, "आता दुसरीकडं बघ रे. आमच्याकडं सोवळ्यातलं माणूस आहे." सांगताना त्यांचे डोळे भरले होते. पण दार लागलं ते लागलंच. गोष्ट गावभर झाली आणि पंधरा दिवसांत आणखी तीन घरं बंद झाली.

आठवड्यातले चार दिवस उपाशी राहण्याची पाळी आली, तेव्हा मुंजाजीनं दप्तरातून फडकं काढलं. त्यात मावशीनं थापलेल्या ज्वारीच्या दोन भाकरी, वर ठेचा.

"घे."

बन्सीधरचा हात पुढं झाला आणि मधेच थांबला. गोठ्याजवळ बसणं सोपं होतं, तिथं अन्न नर्मदाबाईंचं होतं. हे अन्न मावशीच्या हातचं. आपल्या हाताला असं थांबता येतं, हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

मुंजाजीनं पाहिलं. रागावला नाही. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "भूक वाढंल तवा खा. मी रोज आणायलोय."

त्या दिवशी बन्सीधर उपाशीच राहिला, आणि लाजेनं तापल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः फडकं सोडलं. मग वर्षअखेरपर्यंत आठवड्यातले चार दिवस तो मावशीची भाकरी खात राहिला. खाताना दोघांचा वाद चालूच असे. पोट भरल्यावर मुंजाजी म्हणायचा, "आता बोल, पैसा मोठा की जात?" आणि बन्सीधर हट्टानं म्हणायचा, "पैसाच."

मॅट्रिकचा निकाल लागला. दोघं पास झाले, मुंजाजीला मार्क जास्त पडले. तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याचे एक साहेब परभणीला आले, दोघांना समोर बसवलं आणि बन्सीधरला विचारलं, "वजीफ्यावर जास्त हक्क कोणाचा?"

बन्सीधर तोंड उघडेपर्यंत 'माझा' असंच म्हणणार होता. पण निघालं ते वेगळंच. "साहेब, मला या गावात सात घरं होती. याला एकही नव्हतं. मुबाहिसा मी जिंकलो, पण बरोबर हाच बोलला होता."

वजीफा मुंजाजीला मिळाला.

बाहेर आल्यावर मुंजाजी त्याच्यावर तुटून पडला. "तुला माझी वकिली कुनी सांगितली होती? मला मार्क जास्त होते. मार्कावर मिळाला असता. आता जन्मभर लोक म्हनतील, बन्सीधरनं सोडला म्हनून याला मिळाला!"

आपण चांगलं केलं असं बन्सीधरला वाटत होतं, आणि ते वाटणंही मुंजाजीनं हिसकावून घेतलं. रागारागात तो जिंतूरला निघून गेला. आई, कमलबाई, वजीफ्याचं विचारून विचारून दमली. कितीतरी दिवस तो मनात म्हणत राहिला, 'माझा' म्हणालो असतो तर? शेवटी तिथल्याच शाळेत मुदर्रिस म्हणून लागला.

सहा महिन्यांनी हैदराबादहून पत्र आलं. 'इथं वसतिगृहात खोली मिळाली. माझ्या शेजारची खाट बरेच दिवस रिकामीच होती. आता एकजण आलाय, जमीनदाराचा आहे, वाद घालायला अगदीच कच्चा. तुझी आठवण येते.' माफी मागितली नव्हती. बन्सीधरनं त्याच दिवशी चार पानं उत्तर लिहिलं, आणि त्यातली तीन मुंजाजीचं म्हणणं खोडण्यात गेली.

पत्रं सहा वर्षं चालली. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली, शाळा बंद पडल्या, टपाल थांबलं. मुंजाजी जिवंत आहे की नाही तेही कळेना. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, आणि त्या थंडीत एके दिवशी सर्व्हिसच्या मोटारीतून उतरून तो शाळेच्या दारात उभा राहिला. बी.ए. झालेला, वकिलीला लागलेला, पंचविशीतच कानाजवळ केस पिकलेले.

"लय वाळलास रे," तो म्हणाला.

दिवसभर दोघं बोलत राहिले. लिंबाखालच्या सतरंज्या, सदर मुदर्रिस साहेब, गणिताचा तास, आता वारलेली पार्वतीबाई. ती शाळा चांगली होती की वाईट, याचा निवाडा दोघांनाही करता येईना. पण ती आठवली की दोघांचेही आवाज हळू होत होते.

संध्याकाळी मोटारीपाशी बन्सीधर म्हणाला, "आता आपलं राज्य आलं. वजीफे आता मिळकत बघून द्यायला पाहिजेत."

"झालं का सुरू?" मुंजाजी पायरीवर चढून वळला. "आरं, परभणीत मला आजबी खोली मिळंना. वकील झालो तरी!"

"तुला मिळेना, कबूल. पण माझ्या वर्गात एक पोरगी हाय, तिचा बाप..."

"तिची जात सांग आधी."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मोटार हलली, तसा बन्सीधर तिच्या बाजूनं चालत राहिला, मग धावू लागला. खिडकीतून डोकं काढून मुंजाजी काहीतरी सांगत होता, आणि बन्सीधर धुळीत धावता धावता ओरडून त्याला उत्तर देत होता.